प्रस्तावना : कर्नल मेडोज टेलर आणि दख्खनच्या वाटा

सैन्यातील चाकरीत उमेदीची वर्षे खर्ची घालून नंतर लेखणी हाती धरणाऱ्या माणसांची परंपरा युरोपात फार जुनी आहे; आपल्याकडे मात्र तलवार आणि लेखणी बहुधा निरनिराळ्या हातांत राहिली. सरदाराने मुलूखगिरी करावी आणि तिचा वृत्तांत त्याच्या चिटणिसाने किंवा फडावरच्या कारकुनाने लिहावा, अशी मराठेशाहीतली रीत होती. आणि त्यामुळेच बखरींत लढायांची वर्णने विपुल असली, तरी घोड्यावर बसलेल्या माणसाला वाटेत प्रत्यक्ष काय दिसले, कोणत्या मुक्कामी त्याचे चित्त रमले आणि कोणत्या घाटात त्याला भय वाटले, हे त्याच्याच तोंडून ऐकण्याचा योग आपल्याला क्वचितच येतो. सत्तावनच्या धामधुमीतून सुखरूप परत येऊन आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवणारे वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक होते, शिपाई नव्हते.

युरोपात अशा शिपाई-लेखकांचे दोन वर्ग सहज दिसतात. पहिला वर्ग पाहिलेले प्रामाणिकपणे टिपून ठेवणाऱ्यांचा, आणि दुसरा न पाहिलेल्या मुलखाची सफर घडवून आणणाऱ्यांचा. या दुसऱ्या वर्गाचा मुकुटमणी म्हणजे फ्रान्समधील सिरानो द बर्जराक. १६१९ साली पॅरिसात जन्मलेला, ऐन विशीच्या उंबरठ्यावर रणांगणावर उतरलेला आणि १६४० साली आरासच्या वेढ्यात जखमी होऊन फौजेला रामराम ठोकलेला हा तरुण पुढे थेट चंद्रावरच्या राज्याचा प्रवास लिहून मोकळा झाला, आणि त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १६५७ साली, तो ग्रंथ छापून निघाला. त्याच्या नावातला खानदानी तुकडा पॅरिसजवळच्या एका लहानशा जमिनीवरून आलेला होता, म्हणजे त्याची कुलीनता अर्धी खरी आणि अर्धी उसनी होती. पण कल्पनेच्या बाबतीत तो खरोखर अमीर होता.

प्रस्तुत पुस्तकाचा नायक, कर्नल फिलिप मेडोज टेलर, या दोन्ही वर्गांत नीट बसत नाही. त्याने वर्णिलेल्या वाटा खऱ्या आहेत; त्यांतल्या कित्येक त्याने स्वतः घोड्यावरून तुडवल्या, काही तर साखळी टाकून मोजल्या. परंतु त्या वाटांवरून तो वाचकाला नेतो तो स्वतःच्या पावलांनी नव्हे. कधी ठगाच्या, कधी बालविधवेच्या, कधी विजापुरी सरदाराच्या मुलाच्या पावलांनी तो चालतो. परक्या देशाचा प्रवास पुष्कळांनी लिहिला आहे. परक्या देशातील माणसाच्या मनाचा प्रवास, तोही त्या माणसावर हुकमत चालवीत असताना, लिहिण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. टेलरच्या ग्रंथांतील निवडक प्रकरणे आणि त्याच्या आत्मचरित्राचा सारांश मराठीत एकत्र आणणाऱ्या या संग्रहाची ओळख करून देताना त्या धाडसाचे मोल आणि त्याच्या मर्यादा, या दोन्हींकडे वाचकाचे लक्ष वेधावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

ही प्रस्तावना सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी बसून लिहिली जावी, यात थोडे औचित्य आहे. औरंगाबादेहून निघून फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करीत अजिंठ्याला पोहोचणारा आणि तेथून घाट उतरून फर्दापुरावरून खानदेशात शिरणारा रस्ता हा दख्खनचा जुना उत्तर दरवाजा आहे. आज त्यावरून मका, कापूस आणि मिरची यांच्या गाड्या जातात. पूर्वी लष्करे, तांडे आणि यात्रेकरू जात. या टापूने शिपाईही पुष्कळ पाहिले. शेजारच्या भोकरदन तालुक्यातील असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंज दिली आणि तिच्यातील जखमींना अजिंठ्याला आणून ठेवले. १८१९ साली शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या लेण्यात शिरून खांबावर आपले नाव कोरले. पाचच वर्षांनी जेम्स अलेक्झांडर हा दुसरा एक तरुण अधिकारी ती लेणी पाहून गेला आणि त्याने लिहिलेले वर्णन विलायतेत छापले गेले. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल तर अजिंठ्याच्या बारादरीतच राहिला, वर्षानुवर्षे भिंतींवरील चित्रांच्या नकला करीत बसला, आणि त्यांतल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. त्याची आणि पारोची कथा ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. टेलरच्या भारतातील चाकरीची सुरुवात या रस्त्याच्या दक्षिण टोकाला, औरंगाबादच्या छावणीत झाली, आणि तिच्यातला सर्वांत कसोटीचा काळ अजिंठ्याहून शिवन्यावरून पूर्वेकडे जाणाऱ्या वाटेवरच्या बुलढाण्यात गेला. आपला मुलूख त्याने कोणत्या नजरेने पाहिला, हे जाणून घेण्याची उत्सुकता आम्हा इकडच्या मंडळींना वाटली तर ती स्वाभाविक मानली पाहिजे.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. बाप व्यापारी, मात्र आईचे माहेर नॉर्थम्बरलंडमधील मिटफर्डच्या गढीचे, इंग्लंडातील पुराण्या जमीनदार घराण्यांपैकी एक. पितृकुळातही नॉर्विचच्या टेलर घराण्याची विद्वत्तेबद्दल ख्याती होती. म्हणजे रक्तात एकीकडे गढी आणि दुसरीकडे ग्रंथ, आणि हातात मात्र काहीच नाही, अशी त्याची अवस्था. कारण बापाचा व्यापार बुडाला आणि पोराचे शिक्षण अर्धवट राहिले. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून म्हणून पाठवण्यात आले, पुढे भागीदारी मिळेल या आशेवर. १८२४च्या सप्टेंबरात तो मुंबई बंदरात उतरला, तेव्हा ती पेढीच डबघाईला आलेली त्याला आढळली. सुदैवाने मुंबई सरकारचा मुख्य सचिव नात्यातला निघाला. त्याच्या खटपटीने निजामाच्या फौजेत या सोळा वर्षांच्या पोराला अधिकारपद मिळाले, आणि तो औरंगाबादेस रुजू झाला.

निजामाची फौज असे म्हटले म्हणजे आजच्या वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव आहे. खर्च हैदराबादच्या खजिन्यातून, अधिकारी गोरे, आणि हुकूम रेसिडेंटाचा, अशी ही तैनात. परंतु तिच्यातील टेलरसारखे अधिकारी खुद्द कंपनी सरकारचे चाकर मानले जात नसत. कंपनीच्या सनदी अधिकाऱ्यांच्या पंक्तीला त्यांचे पान मांडले जात नसे, आणि बढतीच्या वेळी ही गोष्ट टेलरच्या आड वारंवार आली. गोऱ्यांच्या राज्यात तो गोराच होता, पण दुय्यम प्रतीचा. या दुय्यमपणाचा सल त्याच्या आत्मचरित्रात जागोजागी दिसतो, आणि एतद्देशीय लोकांकडे पाहण्याची त्याची दृष्टी इतर साहेबांपेक्षा मवाळ का झाली, याचे एक कारण त्यात सापडते. ज्याला स्वतःच्या जातभाईंच्या दरबारात खालची जागा मिळते, त्याला दुसऱ्यांच्या ओसरीवर बसायला संकोच वाटत नाही. तो हिंदुस्थानी शिकला, फारसी शिकला, मराठीत कामापुरता पारंगत झाला. कायदा, मोजणी, स्थापत्य, चित्रकला या विद्या त्याने कोणत्याही पाठशाळेत न जाता गरजेप्रमाणे हस्तगत केल्या.

वयाची विशी उलटण्यापूर्वीच तो नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत पोलिसाचा दुय्यम अधिकारी झाला आणि तुळजापूरकडच्या मुलखात हिंडू लागला. या दिवसांतली एक हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. वाटसरूंनी येऊन गाऱ्हाणे केले की बाजारातले दुकानदार पिठात वाळू मिसळून विकतात. टेलरने दंड ठोठावला नाही, कैफियती लिहून घेतल्या नाहीत. दुकानदारांना बोलावून प्रत्येकाकडून त्याच्याच दुकानचे पीठ मागवले आणि ते ज्याचे त्यानेच सर्वांसमक्ष खावे, असा हुकूम सोडला. वाळू दातांखाली कचकचू लागल्यावर शेटजींनी गयावया केली, आणि जमलेल्या लोकांनी या न्यायाची वाहवा केली. या प्रसंगात पुढचा सगळा टेलर बीजरूपाने आहे. लोककथेतल्या चतुर न्यायाधीशासारखे वागण्याची हौस, लोकांना न्याय दिसावा ही जाण, आणि आपण एकोणीस-वीस वर्षांचे परके पोर असून कोणाच्या तोंडात काय कोंबायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मनात न येणे, या तीनही गोष्टी तेथे एकत्र आढळतात.

ठगांचे प्रकरण याच वर्षांतले. उत्तरेत कंपनीच्या स्लीमन या अधिकाऱ्याने जबलपूर-सागरकडे ठगांच्या टोळ्यांचा पाठलाग चालवला होता. दक्षिणेत १८३३च्या सुमारास हिंगोलीच्या छावणीत कॅप्टन रेनॉल्ड्सच्या देखरेखीखाली पकडलेल्या ठगांच्या जबान्या घेणे सुरू झाले, तेव्हा टेलरने आपण होऊन ते काम पत्करले. तुळजापूरकडे असताना वाटेत नाहीशा होणाऱ्या प्रवाशांचा त्याला संशय आला होता आणि तपास पुरा होण्याआधीच त्याला पलटणीत परत बोलावले गेले, याची रुखरुख त्याच्या मनात होती. हिंगोलीत त्याने जे ऐकले त्यातून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी जन्मास आली. १८३९ साली ती लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. राणी व्हिक्टोरियाने छापखान्यातून तिचे कच्चे फर्मे मागवून घेतले, असे टेलर अभिमानाने नमूद करतो.

या कादंबरीला प्रवासवाङ्मय म्हणावे काय? माझ्या मते अवश्य म्हणावे. किंबहुना दख्खनवर इंग्रजीत लिहिले गेलेले सर्वांत विलक्षण प्रवासवर्णन तेच आहे. कादंबरीचा नायक, ठग अमीर अली, तुरुंगात बसून साहेबाला आपली जीवनकथा सांगतो, आणि त्या कथेला घर असे नाहीच. आहे ती फक्त वाट. अमरावतीचा व्यापार, उमरखेडचा मुक्काम, निर्मळचे जंगल, हैदराबादच्या गल्ल्या, पुढे पेंढाऱ्यांच्या तांड्याबरोबरची दौड, असे मुक्काम एकामागून एक येतात. प्रत्येक मुक्कामी नवी ओळख होते, सलगी होते, गाणे-बजावणे होते, आणि ठरलेल्या घटकेला कोणी तरी तंबाखू आणायला सांगतो. ती इशारत. मग रुमाल, मग आधीच खणून तयार ठेवलेला खड्डा, मग देवीचा गूळ. आणि गूळ तोंडात गेला की पुन्हा वाट. लुटीच्या हिशेबापेक्षा टोळीतल्या कामाची वाटणीच टेलरला अधिक भुरळ घालते. गोड बोलून सावज जाळ्यात आणणारा वेगळा, गळा आवळणारा वेगळा, कबर खणणारा वेगळा. एखाद्या जुन्या कचेरीतील दप्तराप्रमाणे ज्याचे काम त्याच्याकडे, आणि कोणाच्याही हातून कसूर होत नाही.

कौशल्य याच्याही पुढचे आहे. अमीर अली राक्षस म्हणून समोर येत नाही. तो देखणा आहे, स्वच्छ वस्त्रे नेसतो, पाच वेळा नमाज पढतो, बायकोवर जीव टाकतो, आणि सातशे एकोणीस खुनांचा हिशेब सांगताना मधली बारा वर्षे कैदेत गेली नसती तर हजाराचा आकडा गाठला असता, अशी हळहळ व्यक्त करतो. ऐकणारा साहेब मधून मधून दचकतो, निषेध करतो, पण पुन्हा म्हणतो, पुढे सांग. वाचकाचेही तेच होते. पुढच्या मुक्कामी काय घडणार हे ठाऊक असूनही आपण त्या टोळीबरोबर वाट चालत राहतो, आणि कादंबरीच्या उत्तरार्धात नियती अमीर अलीच्या पदरात जे माप घालते त्याने हादरून जातो. ते काय, हे येथे सांगून वाचकाचा रसभंग करणार नाही. प्रवासाचा आनंद आणि प्रवाशाचा घात या दोन गोष्टी एकाच वाक्यात, एकाच सुरात सांगण्याची ही हातोटी टेलरला जबान्या ऐकता ऐकता साधली.

जबान्यांविषयी मात्र वाचकाने सावध राहिले पाहिजे. हिंगोलीत बोलणारे बहुतेक माफीचे साक्षीदार होते. जितके बोलावे तितका गळ्याचा फास सैल होणार, हे त्यांना पक्के कळत होते, आणि साहेबाला काय ऐकायला आवडते हेही कळत होते. देशभर पसरलेला, पिढ्यानपिढ्या चालत आलेला, एका देवीच्या आज्ञेने बांधलेला एकच एक संप्रदाय, हे ठगीचे चित्र कितपत वास्तव आणि कितपत कचेरीत बसून रंगवलेले, याविषयी अलीकडील इतिहाससंशोधकांत मोठा मतभेद आहे. वाटमारी होती, गळे आवळले जात होते, यात शंका नाही. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाल्यावर आणि जुनी संस्थाने मोडल्यावर बेकार झालेल्या हत्यारबंद माणसांनी पोटासाठी जे केले त्याला पुढे एका धर्माचे रूप दिले गेले, असे म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादातही तथ्य आहे. म्हणून ही कादंबरी ठगांचा इतिहास म्हणून वाचू नये. एका गोऱ्या अधिकाऱ्याने काळ्या कैद्याच्या मनात शिरण्याचा केलेला यत्न म्हणून ती वाचावी. तेथे ती आजही तेजस्वी वाटते.

टेलरचा संसारही दोन जगांच्या सीमेवरचा. १८३२ साली त्याने हैदराबादच्या विख्यात सावकार विल्यम पामर याच्या घराण्यातील मेरी हिच्याशी विवाह केला. विल्यम पामर हा पुणे दरबारी रेसिडेंट राहिलेल्या जनरल पामरचा, एका मुसलमान बेगमेच्या पोटी झालेला पुत्र. त्याची पेढी एके काळी निजामालाही कर्ज देत असे. म्हणजे टेलरचे सासर अर्धे विलायती, अर्धे मोगलाई. टेलरच्या कादंबऱ्यांत मुसलमान घराण्यांतील जनानखान्यांची, तेथील वडीलधाऱ्या बेगमांच्या फटकळ मायेची जी चित्रे येतात, त्यांत ऐकीव माहितीपेक्षा अधिक काही आहे असे जाणवते, याचा उगम येथे शोधण्यास हरकत नाही. १८४४ साली मेरी निवर्तली. त्याने पुन्हा विवाह केला नाही.

त्याआधीच तो शोरापूरच्या लहानशा बेडर संस्थानात सरकारी प्रतिनिधी म्हणून दाखल झाला होता. राजा वारलेला, गादीवर अल्पवयीन वेंकटप्पा नाईक, राणी ईश्वरम्मा महत्त्वाकांक्षी, खजिना रिता आणि हत्यारबंद बेडर अस्वस्थ, अशा स्थितीत त्याने १८५३ पर्यंत कारभार पाहिला. जमाबंदी लावली, तलाव बांधले, रस्ते काढले, माळावरच्या प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन केले, आणि या सगळ्यातून वेळ काढून लंडनच्या ‘टाइम्स’ला वार्तापत्रेही पाठवली. बालराजा त्याला ‘अप्पा’ म्हणे. राजा वयात आल्यावर राज्य त्याच्या स्वाधीन करून टेलर निघाला, आणि त्याच साली निजामाकडून कर्जापोटी इंग्रजांकडे आलेल्या मुलखांपैकी नळदुर्ग-धाराशिवचा भाग त्याच्याकडे सोपवण्यात आला.

नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्याने जे केले ते लेखकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. जमिनीची मोजणी त्याने नव्याने सुरू केली. गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांशी बसून हद्दी ठरवल्या, नकाशे काढले, इनामांच्या सनदा तपासल्या. बालाघाटच्या उतारांवर कोणत्या ऋतूत कसे ऊन पडते, तुळजापूरच्या देवळाच्या पायऱ्यांवर पहाटे कोण कोण उभे असते, भवानीच्या नवरात्रात कोणत्या वाटेने कोणत्या गावचे लोक येतात, हे त्याला दप्तराच्या निमित्ताने कळले. निवृत्तीनंतर १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीत ही सगळी सामग्री कामास आली. तुळजापूरच्या व्यास शास्त्र्यांची विद्वान बालविधवा कन्या तारा, तिच्यामागे लागलेला कपटी मोरो त्रिमल, आणि अफझलखानाचा पुत्र फाजल, यांच्याभोवती १६५७ सालापासूनचे कथानक फिरते आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी येऊन पोहोचते.

मराठी वाचकाला ‘तारा’ पचवणे काहीसे जड जाईल. प्रतापगडचा प्रसंग टेलर विजापुरी गोटातून पाहतो. शिवाजीमहाराजांच्या बुद्धीचे आणि भवानीभक्तीचे त्याला कौतुक असले, तरी त्याची ममता खानाच्या कुटुंबाकडे वाहते. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास त्या काळी इंग्रजीत प्रमाण मानला जाई, आणि आपले संशोधक दप्तरांतून कागद उजेडात आणू लागले ते पुष्कळ नंतर, हे ध्यानात घेऊन हा भाग वाचावा. त्याबरोबर हेही पाहावे की मराठी भाषेत ऐतिहासिक कादंबरीचे जेमतेम पाऊल पडत होते त्या काळात, तुळजापूरच्या एका ब्राह्मण घरातली पहाट, शास्त्रीबुवांचे आन्हिक, मुलीच्या वैधव्याने झाकोळलेले माजघर आणि देवीच्या अंगात येण्याचा प्रसंग एका इंग्रजाने इतक्या जवळून रंगवला. चुका त्यात आहेत, पण तुच्छता नाही.

१८५७ साली परीक्षेची घटका आली. टेलरला तातडीने वऱ्हाडात बुलढाण्यास जाण्याचा हुकूम झाला. फौज मिळणार नाही, जमेल तसे निभावून न्या, असे रेसिडेंटाने बजावले होते. उत्तरेला सातपुडा, पलीकडे पेटलेला मध्य हिंदुस्थान, दक्षिणेला निजामाचा मुलूख, आणि मधल्या घाटमाथ्यावर हा एकटा अधिकारी. त्याने जिल्हा शांत ठेवला, शिवाय उत्तरेकडे निघालेल्या इंग्रजी फौजेला तोफा ओढण्यासाठी बैलही पुरवले. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात म्हणून हे जमले, असे त्याचे म्हणणे आहे. विश्वास होता हे खरे. त्या विश्वासाचा उपयोग कोणाच्या तोफा ओढण्यासाठी झाला, हेही तितकेच खरे.

आणि हे दुसरे सत्य त्याच्या समोर येऊन उभे राहिले ते शोरापुरात. ज्याला त्याने लहानाचा मोठा केला तो वेंकटप्पा नाईक १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठला, पराभूत झाला, हैदराबादेस पळाला आणि पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटला. मुलगा गळ्यात पडून रडला. मृत्युदंडाची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली आणि टेलरने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला एक जुने गुपित ठाऊक होते. राजा चोविसाव्या वर्षी मरणार, असे पत्रिकेचे भाकीत राजवाड्यातील वृद्ध शास्त्र्याने अनेक वर्षांपूर्वी त्याला सांगितले होते. भाकीत खोटे ठरले, असे टेलर शास्त्र्याला सांगत असतानाच बातमी आली की कैदेच्या ठिकाणी नेले जात असता राजाने वाटेत पिस्तुलाने स्वतःचा अंत करून घेतला.

टेलरच्या आत्मचरित्रातील हा प्रसंग मी त्याच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा श्रेष्ठ मानतो. येथे तो पत्रिकेच्या गूढतेकडे वाचकाचे लक्ष वळवतो आणि विस्मयाने स्तब्ध होतो. पण तरुण राजाच्या मनात काय चालले होते, ज्याला अप्पा म्हटले त्याच्याच सरकारविरुद्ध त्याने हत्यार का उपसले, राज्य परत मिळेल की नाही या संशयाने त्याची किती रात्रींची झोप उडाली, याची कल्पना करण्याचा यत्न टेलर येथे करीत नाही. सातशे खून करणाऱ्या ठगाच्या मनात सहज शिरणारा हा लेखक आपल्याच मांडीवर वाढलेल्या मुलाच्या मनाच्या दाराशी थबकला. ठगाला समजून घेण्यात त्याच्या अधिकाराला काही धक्का नव्हता; ठगाची जबानी त्या अधिकाराचे समर्थनच करीत होती. राजाला समजून घ्यायचे तर स्वतःच्या तीस-पस्तीस वर्षांच्या चाकरीचा अर्थ नव्याने लावावा लागला असता.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६० साली तो मायदेशी परतला. विजापूरच्या वास्तुशिल्पावरील ग्रंथाला त्याने मजकूर पुरवला, विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, आणि ‘तारा’च्या पाठोपाठ प्लासीच्या काळावरची ‘राल्फ डार्नेल’ व सत्तावनवरची ‘सीता’ लिहून १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शंभर शंभर वर्षांच्या अंतरावरची कादंबरीत्रयी पुरी केली. चांदबिबीवरची ‘अ नोबल क्वीन’ त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. उतारवयात दृष्टी गेली. तशाही स्थितीत, निजामाचा दिवाण सालारजंग याच्या निमंत्रणावरून १८७५ साली तो पुन्हा हैदराबादेस आला. ज्या मुलखाच्या हद्दी डोळ्यांनी मोजल्या होत्या तेथे आता कानांनी माणसे ओळखीत काही महिने राहिला. ताप घेऊनच तो परत निघाला, आणि १३ मे १८७६ रोजी दक्षिण फ्रान्समधील मांतों येथे त्याचे देहावसान झाले. आत्मचरित्र कन्येने संपादून पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. त्याला टेलरचा नातलग हेन्री रीव्ह याने प्रस्तावना जोडली.

या संग्रहातील प्रकरणे वाचताना वाचकाने कालक्रम सोडून आधी आत्मचरित्राचा सारांश वाचावा, मग ‘ठग’, आणि शेवटी ‘तारा’, अशी माझी सूचना आहे. असे केले म्हणजे कोणता मुक्काम डोळ्यांनी पाहिलेला, कोणता जबानीतून ऐकलेला आणि कोणता केवळ मनाने रचलेला, हे आपोआप उमगत जाते, आणि टेलर कोठे खरा प्रवासी आहे व कोठे नुसता हाकीम आहे, याचा निवाडा वाचक स्वतः करू शकतो. अनुवादकाने मूळच्या लांब वाक्यांना कात्री लावलेली नाही आणि टेलरच्या पूर्वग्रहांवर पांघरूणही घातलेले नाही, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. आपल्या जिल्ह्यांच्या वाटा, बाजार, देवळे आणि गढ्या यांविषयी एकोणिसाव्या शतकातील इतका तपशील एका ठिकाणी क्वचितच सापडतो. सिरानोच्या चंद्राची शहानिशा कोणी करू शकणार नाही. टेलरचा मुलूख मात्र आपल्या पायांखाली आहे. तेव्हा त्याने लिहिलेले ताडून पाहण्याचे, जेथे तो चुकला तेथे त्याला दुरुस्त करण्याचे, आणि शोरापूरच्या त्या राजासारख्या ज्यांच्या मनापाशी तो थांबला त्यांची कथा पुढे लिहिण्याचे काम आता इकडच्या लेखकांचे आहे.

सिल्लोड